आधी तारीख, मग चित्रे : मुंबईत स्वतःचे प्रदर्शन मांडताना

मुंबईत एकल चित्रप्रदर्शन भरवू इच्छिणाऱ्या चित्रकाराला आरंभीच एक विचित्र हिशेब मान्य करावा लागतो. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनासाठी अर्ज करताना आज हाती असलेली चित्रे निवडीसाठी द्यावी लागतात, परंतु तारीख मिळते ती काही वर्षांनंतरची, आणि तोपर्यंत ती चित्रे एकतर विकली गेलेली असतात किंवा आपल्यालाच नकोशी झालेली असतात. म्हणजे जी चित्रे भिंतीवर लागणार, ती अजून काढलेलीच नसतात. पुढे जे लिहिले आहे, ते या मधल्या काळात काम कसे करावे आणि तारीख उजाडल्यावर काय करावे, याविषयी आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मे महिन्याच्या सुट्टीत व रविवारी चित्रे काढते, त्यामुळे पूर्ण वेळ चित्रकारी करणाऱ्यांना यातील काही गोष्टी अनाठायी वाटू शकतील.

तारीख मिळाल्याचे पत्र आले की पहिला मोह होतो तो आकडा ठरवण्याचा. दालनाच्या भिंती मोजायच्या, वीस चित्रे लागतील असे म्हणायचे आणि मग महिन्याला एक या गतीने ती उरकायची. हे करू नये. अमूर्त शैलीचे चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याशी बरोबरी करण्याचे कारण नाही, पण वीसच्या आकड्यापायी काढलेले विसावे चित्र भिंतीवर लगेच ओळखू येते, आणि ते शेजारच्या दोन चांगल्या चित्रांनाही खाली ओढते. बारा चित्रांचे प्रदर्शन रिकामे दिसत नाही. मोकळ्या भिंतीला पाहुणे घाबरत नाहीत, चित्रकारच घाबरतो.

विषय स्वतःचा असावा असे सगळेच सांगतात, पण स्वतःचा म्हणजे काय, हे मला पहिली पाच चित्रे वाया गेल्यावर कळले. माझे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. वडील गिरणीत बदली कामगार होते, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते पुन्हा कामावर गेले नाहीत. या आठवणींवर मालिका करायची असे ठरवून मी अख्खी चाळ काढली : लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, जिना, नळावरची रांग. चित्रे सुबक झाली आणि दिनदर्शिकेवर छापण्याजोगी दिसू लागली. चाळीत कधीही न राहिलेल्या माणसानेही ती तशीच काढली असती, हा त्यांचा खरा दोष होता.

त्यातून पुढे एक पद्धत हाती लागली, ती सांगते. ज्या वस्तूला आपला हात लागलेला आहे, जी आपण घासली, उचलली किंवा आदळली आहे, तिच्यापासून सुरुवात करावी. आमच्या मोरीजवळ पाण्याचे पत्र्याचे पिंप असे. ते हलवले की खालच्या शहाबादी फरशीवर त्याच्या बुडाचा गंजाचा गोल उमटलेला दिसे, आणि दर दिवाळीला तो नारळाच्या शेंडीने व राखेने घासून काढण्याचे काम माझे होते. गोल कधीच पूर्ण जात नसे. चाळ, नळ, माणसे हे सारे सोडून मी तेवढा गोल काढायला घेतला. पहिल्या प्रयत्नात तो ब्रशने काढला आणि तो शोभेच्या कड्यासारखा नीटस दिसला. मग कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवला, बर्न्ट सिएन्ना या तांबूस तपकिरी ॲक्रिलिक रंगात चिमूटभर अल्ट्रामरीन निळा मिसळून भरपूर पाण्याने पातळ केले, तो रंग पत्र्याच्या डब्याच्या कडेभोवती सोडला आणि डबा रात्रभर तसाच राहू दिला. पाणी उडताना रंगाचे कण कडेला जमतात, त्यामुळे सकाळी डबा उचलल्यावर एका बाजूला गडद व दुसरीकडे तुटलेली अशी रेघ मिळाली. तीही फारच नवी दिसत होती, तेव्हा शेंडीने ती घासली. ॲक्रिलिक पाण्यात मिसळते, पण वाळल्यावर प्लास्टिकसारखे घट्ट होते; ते अजून पूर्ण घट्ट झाले नव्हते, त्यामुळे काही भाग निघाला, काही राहिला, आणि खाली पांढऱ्या अस्तरावर ओरखडे उमटले. त्या दिवशी मालिकेला सुरुवात झाली असे मी मानते, तारीख मिळून तोवर चौदा महिने झालेले असले तरी.

स्वतःच्या आयुष्यावर काम करताना दुसऱ्यांचे आयुष्यही त्यात येते, आणि त्यांना आधी विचारावे लागते. संपानंतर वडील दिवसचे दिवस चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे असत. त्यांची पाठमोरी आकृती मी एका चित्रात घेतली. धाकट्या बहिणीने ते चित्र प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी पाहिले आणि म्हणाली, “ताई, बाबांची नुसती पाठ? लोक म्हणतील, हे काहीच करत नव्हते.” मी प्रकाशाबद्दल, रचनेबद्दल बरेच बोलले, पण तिचे म्हणणे रचनेबद्दल नव्हतेच. ते चित्र त्या प्रदर्शनात गेले नाही. माझ्या मते आजही ते मालिकेतले सर्वांत चांगले चित्र आहे. तेव्हा घरच्या माणसांना चित्र निम्मे झाले असताना बोलवावे. तेव्हा दिलेला नकार ऐकून घेणे सोपे जाते, आणि अनेकदा त्यातून चित्राला दुसरी वाट सापडते.

आता साहित्याविषयी, आणि विशेषतः मुंबईच्या हवेविषयी. या शहरात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. दोन-तीन वर्षे चित्रे साठवायची म्हणजे दोन-तीन पावसाळे ती सांभाळायची. ज्यांच्याकडे स्वतंत्र स्टुडिओ नाही, त्यांनी ती पलंगाखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. आतल्या भिंतीशी, जमिनीपासून दोन-तीन इंच उंच लाकडी पट्ट्यांवर, मधून हवा फिरेल अशी उभी ठेवावीत. बबल रॅप हा वाहतुकीपुरता वापरायचा पदार्थ आहे. त्यात चित्र महिनोन् महिने गुंडाळून ठेवले तर आत दमटपणा कोंडतो, आणि ॲक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ पडत असल्याने त्यावर बुडबुड्यांचे ठसे उमटतात. याच कारणाने दोन ॲक्रिलिक चित्रे तोंडाला तोंड लावून कधीही ठेवू नयेत, कारण ती चिकटतात आणि सोडवताना रंग उचलला जातो. मध्ये बटर पेपर घालावा, आणि पाऊस उघडला की एक दिवस सगळी चित्रे बाहेर काढून पंख्याखाली ठेवावीत. जुन्या कपाटातल्या साड्यांना ऊन देतात तसाच हा प्रकार आहे, फक्त येथे ऊन द्यायचे नाही.

कागदावरची कामे अधिक नाजूक असतात. माझी तीन जलरंगातील चित्रे एका फ्रेमवाल्याने जुलै महिन्यात काचेला थेट कागद टेकवून आणि मागून हार्डबोर्ड ठोकून बंद केली, आणि गणपतीपर्यंत त्यांवर तपकिरी ठिपके आले होते. चूक निम्मी माझी होती, कारण मी पाहून घेतले नाही. कागद आणि काच यांमध्ये माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे, अंतर हवेच, माउंट व पाठीचा पुठ्ठा ॲसिड-फ्री (आम्लरहित) हवा, आणि शक्य असल्यास फ्रेमिंगचे काम पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवसांत करून घ्यावे. जलरंगासाठी निदान ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पूर्ण सुती कागद घ्यावा. विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त रंग सरावाला ठीक असतात, परंतु विकायच्या चित्रात ट्यूबवर लिहिलेली टिकाऊपणाची श्रेणी पाहावी. ॲलिझरीन क्रिमसन हा गडद लाल रंग दिसायला मोहक असला तरी प्रकाशात फिका पडतो, आणि घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात पश्चिमेची खिडकी असली तर तो दोष दिसायला फार काळ लागत नाही.

तैलरंगात काम करणाऱ्यांनी तारखेचा हिशेब उलटा मांडावा. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातले पाणी उडते असे नव्हे. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि जाड थर वरून कोरडा लागला तरी आत ओला राहतो. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे, हा नियम मोडला तर पुढे तडे जातात. शेवटचे वॉर्निश सहा महिने ते वर्षभर थांबून द्यायचे असते, त्यामुळे ज्या चित्राला प्रदर्शनात वॉर्निश लागणार, ते आदल्या वर्षीच पूर्ण व्हायला हवे. भर पावसात वॉर्निश देऊ नये, ते पांढुरके पडते. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून झोपू नये, कारण जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. वन रूम किचनमध्ये काम करणाऱ्याला हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

जागेच्या निवडीबाबत माझे मत असे की एकल प्रदर्शनाचा अर्ज करण्यापूर्वी वार्षिक प्रदर्शनांत चित्रे पाठवावीत. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ साली स्थापन झालेली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शने आहेत, आणि राज्याच्या कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनही आहे. तेथे चित्र नाकारले गेले तर खिन्न होऊ नये. निवडले गेले तर मात्र ते शंभर परक्या चित्रांमध्ये कसे दिसते, हे जाऊन नीट पाहावे, कारण तसा आरसा घरी मिळत नाही. एकल प्रदर्शनासाठी १९५२ साली सुरू झालेले जहांगीर सर्वांना हवे असते, आणि त्याला कारण आहे : तेथे रस्त्यावरून सहज आत शिरणारा माणूस येतो. पण वरळीचे नेहरू सेंटर, काळा घोड्याच्याच परिसरातील आर्टिस्ट्स सेंटर, प्रभादेवीची पु. ल. देशपांडे कला अकादमी याही जागा आहेत, आणि एका जागेच्या प्रतीक्षेत बसून दुसरीकडे अर्जच न करणे हे मला शहाणपणाचे वाटत नाही. भाड्याने मिळणाऱ्या दालनात भाडे आपले आणि विक्रीही आपली असते. खासगी गॅलरी भाडे घेत नाही, पण विक्रीतला ३० ते ५० टक्के वाटा घेते, आणि त्या बदल्यात ग्राहक, छपाई व मांडणी तिची असते. दोन्ही व्यवहार रास्त आहेत. काय ठरले ते मात्र कागदावर असावे.

तारखेच्या आधी तीन महिने दालनात रिकाम्या हाताने जावे, टेप घेऊन. प्रत्येक भिंतीची लांबी, विजेची बटणे, दारे, खांब आणि दिवे कोठे आहेत हे टिपावे, आणि घरी एक इंचाला एक फूट या प्रमाणात पुठ्ठ्याचे दालन करून त्यात चित्रांचे छोटे छापील तुकडे लावून पाहावेत. समजा भिंत साठ फुटांची आहे आणि तीन फूट रुंदीची बारा चित्रे लावायची आहेत. छत्तीस फूट चित्रांनी व्यापले, चोवीस उरले, आणि दोन्ही टोके धरून तेरा जागा मोकळ्या सोडायच्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे २२ इंच आले. हे गणित पाया म्हणून करावे आणि मग डोळ्यांनी ते मोडावे. माझ्या गंजाच्या गोलाला दोन्ही बाजूंनी चार-चार फूट हवे होते, ते देण्यासाठी मी दोन चित्रे घरी ठेवली.

दिव्यांचा धक्का मला पहिल्या वेळी बसला. घरी रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली रंगवलेले निळसर करडे दालनातल्या पिवळसर दिव्यांखाली मळकट दिसू लागले आणि गेरू रंग पुढे सरकले. आता मी चित्राच्या शेवटच्या टप्प्यात दिवाणखान्यातला पिवळा दिवा त्यावर सोडून पाहते, आणि सकाळी खिडकीच्या उजेडातही पाहते. दोन्हीकडे तग धरील तेच करडे ठेवते.

टांगणी साधारण एका दिवसात, बहुधा काही तासांत उरकावी लागते, म्हणून आकडे घरूनच लिहून न्यावेत. सर्व चित्रांचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर यावा असे मी धरते. चित्र ३६ इंच उंच असेल तर मध्यावर १८ इंच मिळवले की वरची कड ७६ इंचांवर आली. मागची तार ताणल्यावर तिचा माथा कडेच्या ४ इंच खाली येत असेल, तर हुक ७२ इंचांवर. प्रत्येक चित्राच्या पाठीवर हा आकडा पेन्सिलीने फ्रेमवर लिहून ठेवावा, कॅनव्हासवर लिहू नये. सोबत लेव्हल, टेप, पक्कड, जादा तार, पांढरे मऊ खोडरबर, त्या-त्या चित्राच्या कडेच्या रंगाची छोटी बाटली आणि जेवणाचा डबा असावा. दालनातल्या शिपायांना कोणत्या भिंतीत खिळा धरतो, कोणता दिवा फिरतो आणि कोणता दोन वर्षे अडकलेला आहे, हे सगळे ठाऊक असते. त्यांच्याशी नमस्कार-चमत्कार आदल्या दिवशीच व्हावा.

वाहतुकीला लोकलच्या मालडब्याचा विचार लहान चित्रांपुरता करावा, तोही दुपारचा. मोठ्या चित्रांना टेम्पो करावा, चित्रे उभी ठेवावीत आणि स्वतः मागे त्यांच्यासोबत बसावे. माझ्या एका कॅनव्हासला सायनजवळच्या खड्ड्यात शेजारच्या फ्रेमचा कोपरा लागून खळगा पडला. सुती कॅनव्हासवरच्या ॲक्रिलिक चित्राला असा खळगा पडल्यास मागच्या बाजूने पाण्याचा अगदी हलका फवारा मारून वाळू द्यावे आणि स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्यातल्या लाकडी पाचरा हळूच ठोकाव्यात. बहुतेक वेळा कापड ताणले जाते. तैलचित्रावर हा प्रयोग करू नये.

किंमत मायेवरून ठरवू नये. मी लांबी आणि रुंदी यांच्या इंचांची बेरीज करून तिला एका दराने गुणते, कारण क्षेत्रफळाने मोजले तर मोठी चित्रे अवाच्या सवा महाग होतात आणि लहान फुकटात जातात. दर ठरवताना भाडे, फ्रेम, टेम्पो आणि छपाई धरलेली असावी. जे चित्र द्यायचेच नाही, त्याला मोठी किंमत लावण्याचा खेळ न करता सरळ ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहावे. दालनातली किंमत आणि घरी येऊन विचारणाऱ्याला सांगितलेली किंमत एकच असावी, ओळखीच्या माणसासाठीसुद्धा, कारण या शहरातले चित्रे घेणारे लोक एकमेकांना ओळखतात. चित्र विकले गेल्याची खूण असलेली लाल टिकली निम्मी रक्कम हातात आल्यावरच लावावी. तोंडी ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हणून गेलेल्या एका सद्गृहस्थांसाठी मी चार दिवस टिकली ठेवली होती, आणि त्या चार दिवसांत दोघांनी त्याच चित्राची चौकशी केली. आणखी एक गोष्ट : कॉपीराइट कायदा १९५७ नुसार चित्र विकले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही, त्यासाठी सहीचा लेखी करार लागतो. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या व्यक्तिचित्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. पावतीवर चित्राचे नाव, माप, माध्यम, वर्ष आणि ‘हक्क चित्रकाराकडे’ एवढे लिहावे.

निमंत्रणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते तीन आठवडे आधी जावे, त्यावर एकच चित्र असावे आणि वेळ ठळक असावी. मनोगत मात्र स्वतः लिहावे, दीडशे शब्दांत. ‘शोध’, ‘प्रवास’ आणि ‘अवकाश’ हे तीन शब्द गाळून ते लिहिता येते का, हे पाहावे. मला दुसऱ्या खेपेला जमले.

उरतो तो प्रदर्शनाचा आठवडा, अकरा ते सात. दाराशी टेबल टाकून बसू नये, आत येणाऱ्याला आपण पावती फाडायला बसलो आहोत असे वाटते. कोपऱ्यात बसावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये, आणि कोणी चित्रासमोर उभे असताना जाऊन अर्थ सांगू नये. विचारले तर सांगावे, तेही थोडक्यात. पावसापासून आडोसा म्हणून आलेली माणसेही येतात, आणि त्यांतली काही फार नीट पाहतात. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वृद्ध गृहस्थ गंजाच्या गोलापुढे बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, हे पिंप ना? मग वीट कुठे आहे?” मला समजेना. “पाणी तळाशी गेलं की मागून वीट लावायचो आम्ही, पिंप तिरकं करायला. तुमच्याकडे नव्हती?” होती. गोल एका बाजूला गडद का असे, याचे कारणच ती वीट होती, आणि मी ते इतकी वर्षे विसरले होते. अशी वाक्ये अभिप्राय वहीत सहसा येत नाहीत. वहीत ‘अप्रतिम’ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हेच येते, म्हणून रोज संध्याकाळी दालन बंद झाल्यावर दिवसभरातले असे दोन-तीन प्रश्न आपल्या वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या मालिकेला ते उपयोगी पडतात.

शेवटच्या दिवशी चित्रे उतरवताना घाई होते आणि तेव्हाच सर्वाधिक नुकसान होते. तार आत वळवावी, कोपऱ्यांना पुठ्ठा लावावा आणि प्रत्येक चित्र टेम्पोत चढताना यादीवर खूण करावी. विकलेली चित्रे ग्राहकाच्या घरी स्वतः पोहोचवता आली तर उत्तम, भिंत ओली नाही ना हेही पाहता येते. घरी आल्यावर कितीही दमलेले असलो तरी बबल रॅप त्याच रात्री काढावा, चित्रे पट्ट्यांवर उभी करावीत, आणि रजिस्टरमध्ये कोणते चित्र कोठे गेले, कोणते परत आले आणि कोणाकडून किती येणे आहे, हे तारखेसह लिहून मगच झोपावे.